गाण्यास कारण की…

दूरचित्रवाणी मालिकांच्या अभ्यासात 'संगीत भाग' ही संज्ञा एका चमत्कारिक प्रकारासाठी वापरली जाते. ज्या मालिकेत वर्षानुवर्षे कोणीही गात नाही, जिच्यातील माणसे शस्त्रक्रिया करतात, भुते मारतात किंवा अंतराळयान हाकतात आणि ही सर्व कामे गद्यातच उरकतात, त्या मालिकेच्या एखाद्याच भागात तीच माणसे अकस्मात वाद्यवृंदासह, यमके जुळवून आणि बहुधा पावलेही जुळवून गाऊ लागतात, व पुढच्या आठवड्यात काही घडलेच नाही अशा मुद्रेने पुन्हा गद्यावर येतात. मुळातच गाण्यावर उभ्या असलेल्या मालिका, उदाहरणार्थ शाळेतील गायकवृंदाची कथा सांगणारी 'ग्ली', या संज्ञेत बसत नाहीत, कारण गवय्याने गाणे ही बातमी होऊ शकत नाही. शल्यविशारदाने रुग्ण टेबलावर असताना गाणे ही मात्र होते. हा प्रकार प्रामुख्याने अमेरिकेत फोफावला आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून तो तेथे इतका रूढ झाला की एखादी मालिका बराच काळ चालली आणि तिच्यात कोणी गायले नाही, तर प्रेक्षकांना तिच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते.

या प्रकारातील प्रत्येक लेखकाला पहिल्या पाच मिनिटांतच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि तो प्रश्न म्हणजे ही माणसे का गात आहेत. मराठी वाचकाला हा प्रश्न मुळी प्रश्नच वाटणार नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला तेव्हापासून मराठी रंगभूमीवर राजे, ऋषिकन्या, मद्यपी आणि मद्यप्यांच्या सोशिक बायका मोकळ्या गळ्याने गात आल्या आहेत, आणि त्यांपैकी कोणावरही आजवर कारणे दाखवा नोटीस बजावली गेलेली नाही. बालगंधर्वांच्या पदाला प्रेक्षागृहातून वन्समोअर आला की नुकतेच शोक आवरलेली नायिका तोच शोक पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, रंगमंचावरील इतर पात्रे सौजन्याने थांबत, आणि कथानक तेवढा वेळ अंग चोरून विंगेत उभे राही. प्रयोग पहाटेपर्यंत लांबला तरी तक्रार झाली तर ती गाणी कमी झाल्याची होई. अमेरिकी मालिकेला ही चैन परवडत नाही, कारण तिने प्रेक्षकाशी वास्तवाचा करार केलेला असतो. तिच्यातील इस्पितळ खऱ्या इस्पितळासारखे दिसते, पोलीस खऱ्या पोलिसासारखे कंटाळलेले असतात, आणि अशा जगात कोणी गाऊ लागले तर त्याच्यामागे राक्षस, रोग, अमली पदार्थ किंवा भौतिकशास्त्र यांपैकी काहीतरी असावेच लागते. या शोधून आणलेल्या कारणाला 'गायननिमित्त' म्हणता येईल, आणि संगीत भागाचा इतिहास हा मुख्यतः गायननिमित्तांचाच इतिहास आहे.

येथे एका शास्त्रीय भेदाचा खुलासा आवश्यक आहे. पात्राला स्वतःला ऐकू येणारे संगीत, म्हणजे खोलीतल्या रेडिओचे किंवा वरातीच्या बँडचे, ते कथांतर्गत संगीत, आणि केवळ प्रेक्षकाला ऐकू येणारे, ते कथाबाह्य संगीत. नायिका रानात एकटीच रडत असताना तीस व्हायोलिने कोठून वाजतात हे तिने विचारायचे नसते, कारण ती व्हायोलिने कथेबाहेर बसलेली असतात. संगीतिकेत या दोहोंमधली भिंत गाजावाजा न करता पाडली जाते, पात्रे अदृश्य वाद्यवृंदाच्या सुरात गातात आणि वाद्यवृंद दिसत नाही याचे त्यांना काही वाटत नाही. संगीत भागाचा खरा विनोद असा की त्यातही भिंत पडते, परंतु ती पडल्याचा आवाज पात्रांना ऐकू येतो. गाणे संपताच ती गोंधळून एकमेकांकडे पाहतात, आपण आताच तिघे मिळून सुरात काय म्हणालो याचा तपास करतात, आणि प्रेक्षकाला वाटणारा संकोच त्याच्या आधी स्वतःच वाटून घेतात. आपल्याऐवजी दुसरा कोणी ओशाळला की माणूस निश्चिंतपणे गाणे ऐकू शकतो, हे या प्रकाराचे मानसशास्त्र आहे.

निमित्ताशिवाय गायल्यास काय होते याचा धडा १९९० साली मिळाला. 'हिल स्ट्रीट ब्लूज' आणि 'एल. ए. लॉ' या गाजलेल्या मालिकांचे जनक स्टीव्हन बॉचको यांनी त्या वर्षी एबीसी वाहिनीवर 'कॉप रॉक' नावाची मालिका आणली, जिच्यात लॉस एंजेलिसचे पोलीस, आरोपी, वकील आणि न्यायाधीश दर आठवड्याला, कोणतीही सबब न देता, गात असत. पहिल्या भागाची गाणी रँडी न्यूमन यांच्यासारख्या नामवंत रचनाकाराची होती. त्यात ज्युरी, म्हणजे निवाडा देण्यासाठी निवडलेले सामान्य नागरिक, आरोपी दोषी असल्याचा निर्णय चर्चमधील भक्तिगीताच्या थाटात गाऊन सांगतात, आणि या कामाबद्दल न्यूमन यांना एमी पुरस्कारही मिळाला. प्रेक्षकांनी मात्र पुरस्कार समितीशी असहमती दर्शवली. मालिका अकरा भागांत आटोपली आणि शेवटच्या भागात कलाकारांनी आपापल्या भूमिका बाजूला ठेवून, मालिका संपल्याच्याच विषयावर गाऊन घेतले. 'कॉप रॉक' ही वाईट मालिका होती असे सर्रास म्हटले जाते, ते पूर्णपणे न्याय्य नाही. तिचा अपराध एवढाच की तिने निमित्त मागितले नाही आणि एकाच भागात थांबली नाही.

पुढच्या लेखकांनी हा धडा इतक्या गांभीर्याने घेतला की त्यांपैकी अनेकांनी थेट वैद्यकीय प्रमाणपत्रच जोडले. या शाखेचे मूळ ब्रिटनमध्ये, डेनिस पॉटर यांच्या १९८६ सालच्या बीबीसीवरील 'द सिंगिंग डिटेक्टिव्ह' या सहा भागांच्या मालिकेत आहे. तिचा नायक, मायकेल गॅम्बन यांनी साकारलेला लेखक, सोरायसिस आणि त्यातून उद्भवलेल्या संधिवाताने अंगभर सोलवटून इस्पितळात पडलेला आहे, तापाच्या ग्लानीत त्याच्या भोवतीचे डॉक्टर व परिचारिका हाडांवरच्या एका जुन्या गाण्यावर ओठ हलवत नाचू लागतात, आणि हा आजार स्वतः पॉटर यांनाही असल्यामुळे त्या दृश्यातील डॉक्टरांविषयीचा राग हा केवळ साहित्यिक नाही. ती संपूर्ण मालिकाच गाण्यांनी भरलेली असल्याने काटेकोर व्याख्येत बसत नाही, परंतु आजारी माणसाच्या डोक्यात वाद्यवृंद सापडू शकतो हा शोध तिचा, आणि अमेरिकी लेखकांनी तो आयात करताना फक्त रोग बदलला.

बदललेला रोग म्हणजे मेंदूतील धमनीविस्फार, अर्थात मेंदूच्या एखाद्या रक्तवाहिनीची भिंत कमकुवत होऊन तिला येणारा फुगवटा. १९९७ साली 'शिकागो होप' या इस्पितळ-मालिकेत डॉ. ॲरन शट यांना हा फुगवटा आला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे सहकारी जुन्या गाण्यांवर ओठ हलवू लागले. २००७ च्या जानेवारीत 'स्क्रब्ज' या विनोदी इस्पितळ-मालिकेत पॅटी मिलर नावाच्या एका रुग्ण स्त्रीला तोच फुगवटा आला आणि तिला सर्व माणसे बोलण्याऐवजी गाताना ऐकू येऊ लागली. २०११ साली 'ग्रेज ॲनाटॉमी'मध्ये डॉ. कॅली टोरेस मोटारीच्या अपघातात मेंदूला मार लागून त्याच वाटेने गेल्या. एका माध्यमातील एवढ्या माणसांचा मेंदू नेमका संगीताच्याच बाजूने फुगावा ही गोष्ट साथीच्या रोगांच्या अभ्यासकांनी अजून मनावर घेतलेली दिसत नाही.

वैद्यकशास्त्रात सांगीतिक भ्रम नावाची अवस्था खरोखर आहे, आणि मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स यांनी २००७ सालीच प्रसिद्ध झालेल्या 'म्युझिकोफिलिया' या पुस्तकात तिच्यावर विस्ताराने लिहिले आहे. परंतु ती बहुधा ऐकू कमी येऊ लागलेल्या वृद्धांना होते आणि त्यांना ऐकू येते ते लहानपणचे एखादे गाणे, पुन्हा पुन्हा, नको इतके. भोवतालच्या डॉक्टरांनी रुग्णाच्या तक्रारीला अनुसरून ताजे, सयमक गीत तत्काळ रचून समूहस्वरात सादर करावे, इतकी सेवाभावी लक्षणे पाठ्यपुस्तकांत आढळत नाहीत.

तरीही 'स्क्रब्ज'चा तो भाग या शाखेतील सर्वांत शहाणा भाग आहे. त्याची गाणी लिहिणाऱ्यांमध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, गाजलेल्या 'ॲव्हेन्यू क्यू' या संगीतिकेचे रचनाकार रॉबर्ट लोपेझ आणि जेफ मार्क्स होते, आणि रुग्ण स्त्रीच्या भूमिकेसाठी त्याच संगीतिकेतील स्टेफनी डाब्रुझो यांना आणण्यात आले. या मंडळींनी वैद्यकातील सर्वांत उपेक्षित सत्याला, म्हणजे निदानाचा मार्ग बऱ्याचदा शौचतपासणीवरून जातो या सत्याला, एक संपूर्ण उत्साही युगुलगीत बहाल केले, आणि दोन जिवलग डॉक्टर मित्रांच्या परस्परप्रेमाला असे एक हळवे गीत दिले की तोवरच्या भागांत गंमत म्हणून दाखवलेली ती मैत्री तेथे प्रथमच गंमत आणि सत्य यांच्या मधोमध उभी राहिली. भाग संपतो तेव्हा शस्त्रक्रिया यशस्वी झालेली असते, पॅटी बरी झालेली असते, आणि तिच्या भोवतीची माणसे आता साध्या, कोरड्या आवाजात बोलत असतात. बरे झाल्याचा हा तोटा कोणत्याही डॉक्टरने तिला आधी सांगितलेला नसतो.

'ग्रेज ॲनाटॉमी'च्या भागाविषयी मात्र असे म्हणता येत नाही, आणि त्याचे अपयश यशापेक्षा अधिक उद्बोधक आहे. त्या मालिकेत पहिल्यापासून भावनोत्कट प्रसंगांमागे लोकप्रिय गाणी वाजत आली होती, आणि संगीत भागात तीच गाणी, ज्यांच्या सुरात इतकी वर्षे प्रेक्षक रडले होते, पात्रांच्या तोंडी देण्यात आली. म्हणजे जे कथाबाह्य होते तेच कथांतर्गत झाले. कल्पना मोठी होती, आणि कॅलीची भूमिका करणाऱ्या सारा रामिरेझ यांना २००५ साली 'स्पॅमलॉट' या संगीतिकेसाठी टोनी पुरस्कार मिळालेला असल्यामुळे गळ्याचीही उणीव नव्हती. परंतु गरोदर रुग्ण मरणाच्या दारात असताना शल्यविशारद मंडळी तिच्याभोवती उभी राहून गंभीर चेहऱ्याने गातात आणि त्यांपैकी एकालाही ओशाळल्यासारखे होत नाही, तेव्हा ते काम प्रेक्षकावर येऊन पडते, व तो ते घरबसल्या, उशी तोंडावर धरून करतो. शिवाय त्या गाण्यांतून कोणाविषयीही काही नवे कळत नाही. सगळे जण घाबरलेले आहेत, सगळ्यांचे कॅलीवर प्रेम आहे, आणि या दोन्ही गोष्टी गद्यातही स्पष्ट होत्या.

मादक पदार्थांचे निमित्त त्या मानाने सोपे आणि म्हणून कमी महत्त्वाचे आहे. २९ एप्रिल २०१० रोजी 'फ्रिंज' या विज्ञानकथा-मालिकेत वॉल्टर बिशप हा विक्षिप्त वैज्ञानिक गांजा ओढून एका लहान मुलीला जुन्या हेरकथेच्या धर्तीवर गोष्ट सांगतो, आणि त्या गोष्टीत प्रयोगशाळेतली प्रेतेही गातात. येथे खरे निमित्त गांजा नसून व्यवस्थापन होते, कारण फॉक्स वाहिनी त्या सुमारास आपल्या मालिकांचा संगीतमय आठवडा साजरा करीत होती आणि प्रेतांना त्यात सहभागी व्हावे लागले. व्यवस्थापन हा घटक एकंदरीतच दुर्लक्षित राहिला आहे. अमेरिकेत नील्सन ही कंपनी फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर या चार महिन्यांत देशभरातील घराघरांतून कोण काय पाहते याची विशेष मोजणी करीत असे, त्यावर स्थानिक केंद्रांचे जाहिरातींचे दर ठरत, आणि म्हणून त्या महिन्यांत मालिकांमध्ये लग्ने, खून, पाहुणे कलाकार आणि गाणी यांचा सुकाळ होई. 'झीना: वॉरियर प्रिन्सेस'चा संगीत भाग फेब्रुवारी १९९८ मधला, 'ॲली मॅकबील'चा मे २००० मधला आणि 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'चा नोव्हेंबर २००१ मधला आहे, यात ग्रहयोगाचा भाग फारसा नाही. कथेत राक्षस कोणताही असो, त्याला बोलावणारा मंत्र जाहिरात विभागात पुटपुटलेला असतो.

याला मालिकेच्या वयाचीही जोड असते. 'बफी' आणि 'स्क्रब्ज' यांनी सहाव्या पर्वात गळा साफ केला आणि 'ग्रेज ॲनाटॉमी'ने सातव्या. या वयापर्यंत लेखकांनी सर्व पात्रांची एकमेकांशी प्रेमप्रकरणे लावून झालेली असतात, काहींना मारून परत आणलेले असते, आणि नटांपैकी निम्म्यांना आपण मुळात रंगभूमीसाठी जन्मलो होतो याची आठवण दाटून येऊ लागलेली असते.

'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' या मालिकेचा 'वन्स मोअर, विथ फीलिंग' हा भाग ६ नोव्हेंबर २००१ रोजी यूपीएन वाहिनीवर दाखवला गेला, आणि या प्रकारातील बाकी सर्व भागांची तुलना आजही त्याच्याशीच होते. मालिकेचा विषय वरकरणी बालिश आहे: सनीडेल नावाच्या कॅलिफोर्नियातील गावी नरकाचे एक द्वार आहे, त्यातून रक्तपिपासू पिशाच्चे बाहेर येतात, आणि बफी समर्स ही तरुणी नियतीनेच नेमलेली असल्यामुळे त्यांच्या छातीत लाकडी खुंट्या ठोकत फिरते. लेखक-दिग्दर्शक जॉस व्हेडन यांनी या भागाची सर्व गाणी स्वतः रचली, पत्नीच्या साथीने घरीच त्यांचे कच्चे ध्वनिमुद्रण केले आणि ते नटांच्या हाती ठेवले. तोवर केवळ पिशाच्चांना सामोरे जाण्याची सवय असलेल्या त्या मंडळींना त्या दिवशी प्रथमच खरी भीती वाटली. अँथनी स्ट्युअर्ट हेड, अँबर बेन्सन आणि जेम्स मार्स्टर्स यांना गाणे येत होते. ॲलिसन हॅनिगन यांनी आपल्या वाट्याला शक्य तितके कमी गाणे यावे अशी विनंती केली, जी मान्य झाली, आणि जे थोडे उरले त्यातही त्यांच्या पात्राकडून ही ओळ निव्वळ भरतीची असल्याची कबुली गाऊन घेण्यात आली. मिशेल ट्रॅक्टेनबर्ग यांनी गाण्याऐवजी नाच मागून घेतला.

भाग सुरू होताच बफी रात्रीच्या स्मशानात नेहमीप्रमाणे पिशाच्चे मारीत असताना गाऊ लागते, आणि ज्यांना ती मारत असते ते राक्षस तिच्या मागे पावले जुळवून नाचतात. दुसऱ्या दिवशी ती मित्रांना जरा चाचरतच विचारते की काल रात्री आणखी कोणी गायले का, आणि आतापर्यंत ही लाजिरवाणी गोष्ट दडवून बसलेले सगळे जण सुटकेचा श्वास टाकून कबूल होतात. गावभर हाच प्रकार चाललेला असतो. कपड्यावरचा मोहरीच्या चटणीचा डाग निघाला म्हणून एक गृहस्थ धोबीघराबाहेर समूहनृत्यासह आनंद व्यक्त करतात, वाहनतळाचा दंड झालेली एक बाई पोलिसाची सुरेल मनधरणी करते, आणि ही दोन्ही माणसे म्हणजे मालिकेच्याच लेखकवर्गातील डेव्हिड फ्युरी व मार्टी नॉक्सन आहेत. या सर्वांमागे असतो स्वीट नावाचा एक रुबाबदार, सुटाबुटातील राक्षस, ज्याची भूमिका तीन टोनी पुरस्कार मिळवलेल्या हिंटन बॅटल यांनी केली. त्याच्या प्रभावाखाली माणसे मनात दडवलेले गाऊन टाकतात, आणि ज्यांना ते सोसत नाही ती नाचता नाचता पेट घेऊन मरतात.

या निमित्ताची थोरवी येथे आहे. बफी पाचव्या पर्वाच्या अखेरीस मेलेली असते आणि सहाव्याच्या आरंभी मित्रांनी जादूने तिला परत आणलेले असते. आपण तिला नरकातून सोडवले अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते, आणि तिने ती मोडलेली नसते. प्रत्यक्षात ती स्वर्गात होती, सुखात होती, आणि तेथून तिला ओढून या गावी, या नळाच्या बिलांत आणि पिशाच्चांत परत आणण्यात आले, ही गोष्ट तिने एका पिशाच्चाखेरीज कोणालाही सांगितलेली नसते. ती गोष्ट ती शेवटाकडच्या एका गाण्यात मित्रांच्या तोंडावर सांगते. तत्पूर्वी लग्न ठरलेल्या जोडप्याने एका चटपटीत युगुलगीतात आपापल्या शंका बोलून दाखवलेल्या असतात, पितृतुल्य मार्गदर्शकाने आपण निघून जावे असा निश्चय गाऊन टाकलेला असतो, आणि एका प्रेयसीला आपल्या स्मृतीशी जोडीदारणीने जादूने खेळ केल्याचे कळून चुकलेले असते. राक्षसाला बोलावणारा बाहेरचा कोणी शत्रू नसून त्यांच्यातलाच झँडर असतो, ज्याला फक्त सगळे काही गोड होईल अशी आशा होती. राक्षस निघून जातो, गाणी थांबतात, आणि जे बोलून झाले ते कोणालाही परत घेता येत नाही.

कोणत्याही लांबलचक मालिकेचे अर्थशास्त्र माणसांनी एकमेकांशी न बोलण्यावर उभे असते. अमेरिकी पर्वाचे बावीस भाग त्यामुळेच भरतात, आणि जो मराठी प्रेक्षक रोज सायंकाळी घरातल्या दोन सुज्ञ स्त्रियांमधील एका वाक्यात मिटणारा गैरसमज तीन महिने पुरवून पाहतो, त्याला हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. दार उघडे असते, समोरची व्यक्ती विचारत असते, सांगणारी व्यक्ती तोंडही उघडते, आणि नेमका तेव्हा फोन वाजतो. संगीत भागात फोन वाजला तरी तो सुरात वाजतो. गाणे सुरू झाले की ते कडव्याच्या मध्ये तोडता येत नाही, आणि म्हणून जे अर्धे पर्व तुंबून राहिले असते ते पन्नास मिनिटांत वाहून जाते. यावरून एक कसोटीही हाती लागते: ज्या संगीत भागाने पात्रांना न बोललेले बोलायला लावले तो टिकला, आणि ज्याने केवळ बोललेलेच चाल लावून ऐकवले तो विसरला गेला.

भौतिकशास्त्रीय निमित्ताचे उदाहरण या कसोटीला बऱ्यापैकी उतरते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी 'स्टार ट्रेक: स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये त्या विस्तीर्ण मालिका-कुळातील पहिला संगीत भाग आला, म्हणजे १९६६ पासून अंतराळात फिरणाऱ्या या मंडळींना हे सुचायला सत्तावन्न वर्षे लागली. एंटरप्राइज हे यान अवकाशातील एका विचित्र भेगेकडे प्रयोग म्हणून एक गाणे प्रक्षेपित करते, त्यामुळे शक्याशक्यतेचे नियम बिघडतात, आणि भावना अनावर झाल्यावर माणसे गातात हा ब्रॉडवेचा नियम निसर्गनियम बनून यानभर लागू होतो. कर्णधार पाइक दूरसंपर्क पडद्यावर आपल्या मैत्रिणीशी, सर्व हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या साक्षीने, घरगुती भांडण गाऊ लागतात तेव्हा यानाच्या सुरक्षा अधिकारी ला'आन घाईने संपर्क तोडतात, कारण त्यांच्या मते गाणे ही गुप्ततेला असलेली गंभीर बाधा आहे. या एका निर्णयात संगीत भागाचे सारे मर्म एका सरकारी अधिकाऱ्याला उमगलेले दिसते. पुढे क्लिंगॉन या युद्धखोर जमातीचे सेनानी तरुण मुलांच्या एखाद्या पॉप-पथकासारखे थिरकतात, आणि त्याबद्दल त्यांना वाटणारा संताप कलात्मक कारणांसाठीही समर्थनीय आहे.

गळ्याचा प्रश्न जाता जाता उरकणे योग्य होईल. 'शिकागो होप'मध्ये नटांनी केवळ ओठ हलवले, 'झीना'मध्ये नायिका ल्युसी लॉलेस स्वतः गायल्या पण झीनाच्या सोबतिणीला दुसरीचा गळा उसना देण्यात आला, आणि 'बफी'मध्ये सर्वांनी, येत असो वा नसो, आपापला गळा वापरला. पार्श्वगायनाला स्वतंत्र कला मानणाऱ्या देशातील वाचकाला उसना गळा हा दोष वाटणार नाही, आणि एरवी तो नाहीही. परंतु येथे कबुली द्यायची असते, आणि कबुली वकिलामार्फत देता येत नाही. बफीच्या भूमिकेतील सारा मिशेल गेलर यांचा आवाज पातळ आहे, वरच्या पट्टीत तो जरा घाबरतो, आणि स्वर्गातून ओढून आणल्याचे सांगणाऱ्या मुलीचा आवाज याहून तयार असता तर तो खोटा वाटला असता.

व्यवहाराने 'बफी'च्या या भागाशी फारसे सौजन्य दाखवले नाही. एमी पुरस्कारांच्या नामांकनासाठीच्या मतपत्रिकेत त्याचे नावच छापायचे राहून गेले. पुढे अमेरिकेतील चित्रपटगृहांत लोक एकत्र जमून पडद्याबरोबर ही गाणी म्हणू लागले, तर २००७ साली हक्क आणि मानधनाच्या प्रश्नावरून फॉक्स कंपनीने ते जाहीर खेळ बंद केले. कथेतल्या राक्षसाने निदान झँडरला कराराच्या अटीतून मोकळे केले होते.

ज्या वाचकाला हा भाग पाहण्याची इच्छा होईल त्याने तो एकटाच काढून पाहू नये. मालिकेचा तो १०७ वा भाग आहे, आणि आधीच्या १०६ भागांत ही माणसे गायली नव्हती हे ठाऊक असल्याशिवाय त्यांचे गाणे नुसते गाणे राहते. तेवढी सवड नसेल तर किमान पाचव्या पर्वाचा शेवटचा आणि सहाव्याचे पहिले सहा भाग तरी पाहावेत. 'स्क्रब्ज'चा भाग मात्र कोणत्याही पूर्वतयारीशिवाय चालतो, फक्त तो जेवताना पाहू नये.